दूरशिक्षण आपल्याला झेपेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दूरशिक्षणाचा एक अभ्यासक्रम मी अर्ध्यात सोडला, दुसरा पूर्ण केला आणि पुढे बरीच वर्षं अशाच विद्यार्थ्यांचे स्वाध्याय तपासले. प्रवेशाआधी लोक जे विचारतात आणि जे विचारायला हवं होतं असं त्यांना नंतर वाटतं, ते दोन्ही इथे आहे. क्रमाने वाचायलाच हवं असं नाही. घाईत असाल तर तिसरा प्रश्न तेवढा चुकवू नका.

दूरशिक्षण म्हणजे नेमकं काय?

शिकवणारा एकीकडे, शिकणारा दुसरीकडे, आणि तरीही अभ्यासक्रम, मार्गदर्शन, तपासणी, परीक्षा हे सगळं एक संस्था सांभाळते, ते दूरशिक्षण. यातली 'तपासणी' महत्त्वाची. पुस्तक आणून वाचलं, व्हिडिओ बघितले, तर ते शिकणं झालं खरं, पण तुमचं उत्तर कोणी वाचलं नाही.

बहिःस्थ म्हणून परीक्षेला बसणं हा निराळा प्रकार. तिथे संस्था बहुधा परीक्षेपुरती भेटते, अभ्यासाचं तुमचं तुम्ही बघायचं. आणि 'मुक्त' म्हणजे प्रवेशाच्या अटी सैल. दूर आणि मुक्त हे शब्द जोडीने येतात म्हणून गल्लत होते, आणि प्रवेश सोपा म्हणजे पदवीही सोपी असा समज पसरतो. पहिल्या परीक्षेनंतर तो उतरतो.

हे सगळं इंटरनेटमुळे सुरू झालं ना?

पोस्टामुळे सुरू झालं. १८४० मध्ये ब्रिटनमध्ये एका पेनीत देशभर कुठेही पत्र जाऊ लागलं आणि त्याच सुमारास आयझॅक पिटमन यांनी आपली लघुलिपी टपालाने शिकवायला घेतली. विद्यार्थी बायबलमधला उतारा लघुलिपीत उतरवून पाठवायचे, चुका दुरुस्त होऊन तो परत यायचा. धडा आला, उत्तर गेलं, दुरुस्त्या आल्या. आजच्या ऑनलाइन अभ्यासक्रमाचा सांगाडाही हाच असतो, फक्त पोस्टमनची वाट बघावी लागत नाही.

१८५८ मध्ये लंडन विद्यापीठाने आपल्या परीक्षेसाठी अमुकच कॉलेजात शिकलेलं असण्याची अट काढली. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाला १९६९ मध्ये सनद मिळाली, १९७१ मध्ये तिथे पहिले विद्यार्थी आले, आणि पुढे अनेक देशांनी तो नमुना उचलला. इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ, म्हणजे इग्नू, १९८५ चं. यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ १९८९ चं.

माझ्यासाठी हे योग्य आहे का, हे कसं ओळखायचं?

बहुतेकांना हा स्वभावाचा प्रश्न वाटतो. मी आळशी आहे, मला एकट्याने वाचवत नाही, आपली बुद्धी बेताची. मी इतकी वर्षं बघतो आहे, स्वभावावरून मला एकाचाही अंदाज नीट बांधता आला नाही. भलते हुशार लोक दुसऱ्या महिन्यात गायब झाले आणि 'मला काही येत नाही हो' म्हणणाऱ्या बाई पहिल्या वर्गात पास झाल्या.

फरक पडतो तो वेळापत्रकाने. कॉलेजात ते संस्थेचं असतं. दहाचा तास दहाला होतो, तुमचं डोकं दुखत असो की घरी पाहुणे असोत. दूरशिक्षणात संस्था धडे देते, शेवटच्या तारखा देते, पण दहाचा तास देत नाही. तो तुम्हीच तुमच्या आठवड्यातून कापून काढायचा असतो. तेव्हा विचारायचं ते एवढंच: कुठून कापणार?

एक कागद घ्या. सात वारांचे सात रकाने आणि आडव्या ओळी तासांच्या. गेल्या आठवड्यात प्रत्यक्षात जे केलं ते भरा. करायचं ठरवलं होतं ते भरू नका. नोकरी, जाण्यायेण्याचा वेळ, स्वयंपाक, मुलांना शाळेत सोडणं, आजारी माणसाचं करणं, झोप, आणि हो, फोन चाळणं. मग लाल पेन घेऊन त्यातले दहा तास शोधा आणि प्रत्येकावर लिहा की हा तास आजवर कशाचा होता. 'रोज रात्री दोन तास' असं लिहिलंत तर ते बहुधा खोटं आहे. 'मंगळवार, रात्री नऊ ते साडेदहा, आधी इथे मालिका होती' असं लिहिलंत तर त्याला अर्थ आहे, कारण काय जाणार ते ठरलं.

पाळ्यांमध्ये काम करणाऱ्या एका विद्यार्थिनीचा तक्ता काही केल्या बसेना. तिची मोकळी वेळ दर आठवड्याला वेगळ्या वारी यायची. शेवटी तिने वार खोडले आणि रकान्यांवर पाळ्या लिहिल्या: 'रात्रपाळीनंतरचा दुसरा दिवस', 'दुपारपाळीच्या आधीची सकाळ'. तक्ता बसला. तो घडी घालून घालून चिंध्या झालेला कागद तिने मला शेवटच्या सत्राला दाखवला होता. चार ठिकाणी चिकटपट्टी लावलेली होती.

लाल तास सापडलेच नाहीत तर? मग 'आत्ता नको' किंवा 'निम्मेच विषय घेऊ' हे उत्तर आहे, आणि ते फी भरण्याआधी कळलेलं बरं.

आणखी एक गोष्ट स्पष्टच सांगतो. तुम्हाला मुळात घराबाहेर पडायचं असेल, मित्र हवे असतील, गॅदरिंग आणि कट्टा हवा असेल, तर ते मागणं रास्त आहे, पण ते दूरशिक्षणात मिळत नाही. तसं असेल तर कॉलेजच बघा.

माझ्यात शिस्त अजिबात नाही. मग नाद सोडू का?

माझ्यातही नव्हती. अभ्यासिकेत जाऊन बसल्याशिवाय माझ्याने एक पान वाचवत नसे. अभ्यासिकेला सुट्टी म्हणजे माझ्या अभ्यासाला सुट्टी. लोक त्याला माझी चिकाटी म्हणायचे, खरं तर ती त्या खुर्चीची करामत होती. शिस्त अशी बाहेरून उसनी आणता येते: ठरलेली जागा, ठरलेल्या वेळी फोन करणारा अभ्याससोबती, 'आज काय वाचलंस?' असं जेवताना विचारणारी बहीण. यातलं काहीच जमवण्याची तयारी नसेल, तेव्हा मात्र विचार करा.

आठवड्याला किती वेळ लागतो?

माहितीपत्रकात श्रेयांक (क्रेडिट), म्हणजे अभ्यासाच्या ओझ्याचं माप, दिलेले असतात, पण श्रेयांकाचं माप सगळीकडे एक नाही. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठात एक श्रेयांक म्हणजे साधारण १० तासांचा अभ्यास. युरोपात चालणाऱ्या श्रेयांक पद्धतीत २५ ते ३० तास. इग्नूमध्ये ३० तास. म्हणून 'किती श्रेयांक?' एवढं विचारून थांबू नका, 'एका श्रेयांकाचे तास किती?' हेही विचारा.

मग हिशेब मांडा. समजा एका सत्रात १६ श्रेयांक आहेत आणि प्रत्येकाचे ३० तास. झाले ४८० तास. हातात २४ आठवडे असतील तर आठवड्याला २० तास, म्हणजे रविवार धरूनही रोज जवळजवळ तीन तास. पूर्ण नोकरी करणाऱ्याने हा आकडा आधी पाहिला तर तो निम्मे विषय घेईल. तो पाहिलेला नसतो म्हणून लोक उत्साहात सगळे विषय घेतात आणि दोन महिन्यांत सगळेच सोडतात.

या तासांत वाचन, व्हिडिओ, स्वाध्याय, उजळणी सगळं धरलेलं असतं. शिवाय ओझं सारखं नसतं. स्वाध्यायाच्या आधीच्या आठवड्यात ते दुप्पट होतं.

शिक्षक नसतातच का? मग शिकवतं कोण?

शिकवण्याचं काम दोघांत वाटलेलं असतं. पहिला शिक्षक म्हणजे छापील किंवा स्क्रीनवरचं साहित्य. दूरशिक्षणावर मोठं काम केलेले बोर्ये होल्मबर्ग यांचा आग्रह होता की हे साहित्य म्हणजे शिकणाऱ्याशी केलेल्या गप्पा असाव्यात. म्हणून चांगल्या स्वयंअध्ययन पुस्तकात लेखक 'तुम्ही' म्हणून बोलतो, मध्येच थांबून प्रश्न विचारतो आणि खाली चार ओळी रिकाम्या सोडतो. त्या ओळी कोऱ्या ठेवून पुढे जायचा मोह सगळ्यांना होतो. पण खरा वर्ग त्या चार ओळींतच भरतो. कोऱ्या ओळींचं पुस्तक वाचणं म्हणजे तासाला हजेरी लावून झोपणं.

दुसरा शिक्षक म्हणजे संमंत्रक. तो संपर्क सत्र, म्हणजे विद्यार्थ्यांशी अधूनमधून थेट भेटीचा वर्ग, घेतो, शंका सोडवतो, स्वाध्याय तपासतो. संपर्क सत्रात पहिल्या पानापासून शिकवलं जाईल अशी अपेक्षा घेऊन लोक येतात आणि नाराज होऊन जातात. तीन तासांत आख्खं पुस्तक कोण शिकवणार? जे वाचून आले, जे अडले, त्यांच्यासाठी ते सत्र असतं. पुस्तकात पेन्सिलीने प्रश्नचिन्हं करून येणारे दोघंतिघंच असतात आणि सत्र त्यांच्याच मालकीचं होऊन जातं. बाकीचे घड्याळ बघतात.

अमेरिकेतल्या मायकेल मूर यांनी म्हटलं आहे की या शिक्षणातलं अंतर किलोमीटरमध्ये मोजायचं नसतं. संवाद किती होतो आणि अभ्यासक्रम किती घट्ट आखलेला आहे, यावर ते ठरतं. दोनशे जणांच्या वर्गात शेवटच्या बाकावर बसून तीन वर्षांत एकदाही हात वर न केलेला विद्यार्थी तसा दूरच शिकतो.

स्वाध्याय कशासाठी? ते तर नेटवरून उतरवून काढतात.

उतरवतात, हे खरं आहे. तपासणाऱ्याला ते तिसऱ्या ओळीत कळतं, हेही खरं आहे. आधी अडखळत चाललेलं वाक्य अचानक सरकारी राजपत्रासारखं बोलायला लागतं. हल्ली यंत्राकडून लिहून घेतलेली उत्तरंही येतात. ती गुळगुळीत असतात आणि सगळ्यांची सारखी असतात. अनेक ठिकाणी त्यासाठी गुण जातात, प्रकरण शिस्तभंगापर्यंतही पोचतं. पण मला वाईट वाटतं ते दुसऱ्याच गोष्टीचं: आख्ख्या अभ्यासक्रमात कोणीतरी तुमचं, तुमच्या एकट्याचं लिहिलेलं वाचणार असतं ते इथेच, आणि नेमकी हीच जागा लोक दुसऱ्याला देऊन टाकतात.

मी विद्यार्थी असताना माझा पहिला स्वाध्याय परत आला तेव्हा त्यावर गुण बरे होते. समासात हिरव्या शाईने लिहिलेलं होतं: 'हे तुम्ही पुस्तकातून सांगता आहात. तुम्हाला पटलं का?' पुढे एक बाण आणि मोकळी जागा. मी ते वाचून चिडलो, मग दोन दिवस त्याचाच विचार करत राहिलो. त्या एका बाणाने मला जेवढं शिकवलं तेवढं त्या वर्षातल्या कुठल्याच प्रकरणाने शिकवलं नाही.

व्यवहाराचंही सांगतो. पहिला स्वाध्याय वेळेत देणारे बहुतेक टिकतात. तो चुकला की दुसऱ्यासाठी बसताना पहिल्याचं ओझं डोक्यावर असतं, आणि मग माणूस मेल उघडायचंच टाळतो. म्हणून पहिला स्वाध्याय कच्चा असला तरी द्या. पन्नास गुणांचा दिलेला स्वाध्याय ऐंशी गुणांच्या न दिलेल्या स्वाध्यायापेक्षा चांगला असतो.

आणि परत आलेल्या स्वाध्यायातले नुसते गुण बघून तो फाइलला लावू नका. शेरे वाचा. ते लिहायला कोणीतरी अर्धा तास घालवलेला असतो.

लाइव्ह वर्ग असलेला अभ्यासक्रम घ्यावा की रेकॉर्ड केलेला?

पूर्वी हा पर्याय नव्हता. ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाचे धडे बीबीसीवर लागायचे, तेही पुष्कळदा भल्या पहाटे किंवा मध्यरात्री, आणि विद्यार्थी गजर लावून उठायचे. २००६ मध्ये ते प्रसारण बंद झालं. रेकॉर्डिंगने गजराची कटकट गेली, पण त्या गजराबरोबर 'आत्ता नाही तर कधीच नाही' ही निकडही गेली.

ज्यांची वेळ ठरलेली असते आणि ज्यांना कोणीतरी वाट बघतंय ही जाणीव लागते, त्यांनी लाइव्ह घ्यावा. ज्यांच्या पाळ्या बदलतात, घरी तान्हं मूल आहे किंवा नेट बेभरवशाचं आहे, त्यांनी रेकॉर्ड केलेला. पण 'नंतर बघू' म्हणून साठवलेले व्हिडिओ न धुतलेल्या कपड्यांसारखे असतात. ढीग एकदा ठराविक उंचीच्या वर गेला की त्याला कोणी हात लावत नाही.

घरी वाचलेलं लक्षात राहत नाही. काय करावं?

पुन्हा वाचू नका. झाकून आठवा.

हे मनाचं नाही. २००६ मध्ये रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना उतारे दिले. काहींनी ते पुन्हा वाचले, काहींनी कागद बाजूला ठेवून आठवेल तेवढं लिहून काढलं. पाच मिनिटांनी विचारलं तेव्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्याने विचारलं तेव्हा लिहून काढणारे पुढे गेले. परीक्षा काही पाच मिनिटांनी नसते, तेव्हा कुणाच्या वाटेने जायचं ते उघड आहे. पुन्हा वाचताना सगळं ओळखीचं वाटतं आणि ओळखीचं म्हणजे आलेलं, असा भास होतो.

विसरण्याचा वेग सुरुवातीलाच जास्त असतो, हे हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच स्वतःवर प्रयोग करून दाखवलं होतं. त्यासाठी त्यांनी निरर्थक अक्षरांच्या लांबच लांब याद्या पाठ केल्या, म्हणजे कुठल्याही स्वाध्यायापेक्षा कंटाळवाणं काम. तेव्हा आज वाचलेलं उद्या पाच मिनिटं, मग आठवड्याने पाच मिनिटं आठवून बघा. रविवारी सलग सहा तास बसण्यापेक्षा हे कमी वेळात होतं.

परीक्षा कशी असते?

संस्थेप्रमाणे बदलते. कुठे ठरलेल्या केंद्रावर जाऊन लेखी परीक्षा, कुठे घरून कॅमेऱ्याच्या देखरेखीखाली, कुठे शेवटी एक प्रकल्प. अंतिम निकालात स्वाध्यायांचा वाटा किती आणि त्यात वेगळं उत्तीर्ण व्हावं लागतं का, हे आधीच वाचून घ्या. केंद्रावर जायचं असेल तर रजेचा अर्ज वेळापत्रक लागल्या दिवशी द्या. वर्षभर टाइप करणाऱ्याने शेवटच्या दोन महिन्यांत हाताने लिहायचा सराव करावा, तीन तास पेन धरायची सवय मोडलेली असते.

कुठले विषय दुरून शिकता येत नाहीत?

जिथे चूक झाली तर दुसऱ्याला इजा होते, ते पूर्णपणे दुरून शिकू नयेत. शस्त्रक्रिया, शुश्रूषा, विजेचं काम, वाहन चालवणं. यांची पुस्तकी बाजू घरी होऊ शकते, हात मात्र प्रत्यक्ष कामावरच तयार होतो.

प्रयोगाचे विषय दुरून जमतच नाहीत, असं मात्र नाही. १९७० च्या दशकात ब्रिटनच्या मुक्त विद्यापीठाने विज्ञानाच्या विद्यार्थ्यांना घरी प्रयोगाच्या पेट्या पाठवल्या होत्या. त्यात मॅकआर्थर नावाचा एक चिमुकला सूक्ष्मदर्शकही असायचा. त्याखेरीज उन्हाळ्यात आठवडाभर निवासी शाळा व्हायची. पेटी आणि शिबिर ही जोड आजही चालते. म्हणून विज्ञान किंवा तंत्राचा विषय घेताना विचारा: प्रात्यक्षिक कुठे, किती दिवस, आणि राहण्याची सोय कोण करणार? उत्तर गुळमुळीत आलं तर समजून घ्या.

भाषा, वाणिज्य, इतिहास, कायदा, गणित, संगणक हे विषय दुरून उत्तम होतात. नेल्सन मंडेला यांनी दक्षिण आफ्रिका विद्यापीठाची कायद्याची पदवी १९८९ मध्ये तुरुंगात असतानाच मिळवली. तोवर त्यांनी सत्तरी ओलांडली होती.

या पदवीला किंमत आहे का?

मान्यता असेल तर आहे. पण मान्यता तीन गोष्टींची बघावी लागते: संस्थेची, त्या विशिष्ट अभ्यासक्रमाची आणि तो दूरशिक्षणाने देण्याची. विद्यापीठ नामांकित असतं, त्याचा नेहमीचा अभ्यासक्रम मान्य असतो, पण दुरून देण्याची परवानगी त्या वर्षासाठी मिळालेलीच नसते. असं घडतं आणि विद्यार्थ्याला ते तीन वर्षांनी कळतं.

त्यामुळे जाहिरात किंवा प्रवेशाच्या टेबलावरचा माणूस यांच्यावर विसंबू नका. तुमच्या देशातल्या नियामक संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर, तुमच्या प्रवेशाच्या वर्षाची यादी उघडा आणि त्यात आपला अभ्यासक्रम स्वतःच्या डोळ्यांनी बघा. त्या पानाची प्रत काढून तारीख टाकून ठेवा. पुढे परवाना घ्यावा लागणारा व्यवसाय असेल, जसं वकिली किंवा शिक्षकी, तर तो परवाना देणाऱ्या मंडळालाही लेखी विचारा. 'काळजी करू नका, सगळीकडे चालतं' हे वाक्य ऐकलं की मला तरी काळजी सुरू होते.

मोफत ऑनलाइन कोर्स असताना पैसे का भरायचे?

चव घ्यायला मोफत कोर्स झकास. पण गळतीही तिथे मोठी असते. २०११ मध्ये स्टॅनफर्डच्या प्राध्यापकांनी कृत्रिम बुद्धिमत्तेचा कोर्स सगळ्यांना खुला केला तेव्हा सुमारे १ लाख ६० हजार लोकांनी नाव नोंदवलं आणि पूर्ण केला साधारण २३ हजारांनी. तरी तो गाजलेला, चांगला कोर्स होता. नाव नोंदवायला एक क्लिक लागते, सोडायला तेवढीही लागत नाही. पुष्कळांना तो पूर्ण करायचाही नसतो, एखादाच भाग हवा असतो, आणि त्यात गैर काही नाही.

पैसे भरून घेतलेल्या अभ्यासक्रमात ज्याची किंमत मोजायची ती तपासणी, मार्गदर्शन आणि मान्य प्रमाणपत्र यांची. फी भरूनही यातलं काहीच मिळणार नसेल तर ते व्हिडिओ कदाचित फुकटही सापडतील.

शिक्षण सुटून वीस वर्षं झाली. आता जमेल?

जमेल. पहिले दोन महिने वाचनाचा वेग कमी असतो, मग येतो. इतरांपेक्षा तुमच्याकडे उदाहरणं जास्त असतात. व्यवस्थापनाच्या पेपरात 'संघर्ष निवारण' या प्रश्नाला एका दुकानदाराने लिहिलेलं उत्तर मी बायकोला वाचून दाखवलं होतं.

शाळकरी मुलांना चालेल का?

मूल जितकं लहान तितकं शेजारी मोठं माणूस हवंच. ऑस्ट्रेलियात दूरवरच्या वस्त्यांवरच्या मुलांसाठी १९५१ मध्ये अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून रेडिओवर शाळा सुरू झाली. शिक्षिका रेडिओवर, पण मुलाच्या बाजूला बसून वही बघायला घरचंच कोणीतरी, बहुतेक वेळा आई. म्हणजे मुलाचं दूरशिक्षण हे त्या मोठ्या माणसाच्या वेळापत्रकाचाही प्रश्न असतो. तक्ता दोघांचा करा.

घरचे मनावर घेत नाहीत. 'घरीच तर आहेस' म्हणतात.

ही तक्रार मला बायकांकडून जास्त ऐकू आली आहे. पुस्तक उघडून बसलेली बाई रिकामी आहे, असं घराला वाटतं. नुसतं समजावून उपयोग होत नाही. एका विद्यार्थिनीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर, जिथे दूधवाल्याचा हिशेब लिहायचे तिथेच, आपल्या परीक्षेच्या आणि स्वाध्यायांच्या तारखा लाल गोल करून टाकल्या. दूधवाल्याच्या हिशेबाला घरात मान होता, त्यात हिच्या तारखांनाही मिळाला. शक्य असेल तर आठवड्यातून दोनदा घराबाहेर बसा. दाराबाहेर गेलेल्या माणसाला 'जरा इकडे ये' म्हणता येत नाही.

लॅपटॉप लागतोच का?

वाचायला आणि ऐकायला फोन पुरतो. लांब स्वाध्याय लिहायला पुरत नाही, मान आणि धीर दोन्ही जातात. स्वतःचा नसेल तर आठवड्यातून दोनदा कुठे वापरायला मिळेल ते बघून ठेवा. आणि काहीही जमा करायचं ते शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी. शेवटच्या रात्री संकेतस्थळं हमखास रडतात.

मागे पडलो तर?

पहिल्या वेळी मी असाच बुडालो. पुस्तकांचं खोकं आलं, मी ते कपाटावर ठेवलं आणि 'जरा निवांतपणी उघडू' म्हणालो. चिकटपट्टी कापली ती पहिल्या स्वाध्यायाच्या आदल्या संध्याकाळी. आत सहा पुस्तकं आणि वर एक पिवळा कागद: 'पहिल्या आठवड्यात प्रकरण एक वाचा.' तेव्हा अकरावा आठवडा चालू होता. मी कोणालाच काही कळवलं नाही. लाज वाटली. त्या लाजेपायी फी आणि वर्ष दोन्ही गेलं.

नंतर टेबलाच्या पलीकडे बसल्यावर कळलं की मागे पडणं ही तिथे रोजची गोष्ट असते. मुदतवाढ मिळू शकते, एखादा विषय पुढच्या सत्रात ढकलता येतो, वर्षभर थांबण्याची सवलत घेता येते. पण हे सगळं मुदत संपण्याआधी मागावं लागतं. दोन ओळींचा मेल पुरतो: मी इतका मागे आहे, हे हे जमेल, बाकीचं कसं करू? कारणांचा पाढा वाचू नका.

आणि मागचं सगळं भरून काढायच्या फंदात पडू नका. चालू आठवड्याचं प्रकरण आधी वाचा. मागच्या प्रकरणांतली स्वाध्यायाला लागतील तेवढीच घ्या.

अजून ठरत नाहीये. आधी करून बघता येईल का?

येईल, तेही फी न भरता. लाल पेनाचा तक्ता केलात ना? त्याच विषयाचं एक पुस्तक वाचनालयातून आणा. अनेक मुक्त विद्यापीठं आपलं काही साहित्य खुलं ठेवतात, तेही चालेल. दोन आठवडे लाल तासांना बसा. बसलात की त्या चौकटीत बरोबरची खूण करा, नाही बसलात तर कारण लिहा, दोनच शब्दांत. दुसऱ्या आठवड्याच्या शेवटी पुस्तक मिटून एक पान लिहा आणि कोणाला तरी वाचायला द्या.

मग खुणा मोजा. वीसपैकी चौदापंधरा असतील तर फॉर्म भरा. सातआठ असतील तर कारणं वाचा. सगळी कारणं रविवारचीच निघाली तर रविवार तुमचा नाही. लाल तास दुसऱ्या वारांवर हलवा आणि आणखी दोन आठवडे बघा.